परभणीची दुसरी जवारी

परभणीच्या मोंढ्यात ‘जवारी’ म्हटलं, की समोरचा आधी भाव विचारतो. पुण्या-मुंबईकडे छापील ‘ज्वारी’ असते, आमच्या बोलण्यात जवारीच. तिची भाकरी, तिचा हुरडा, तिचा कडबा. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’ नावाचं वाण काढलं, तेही तिचंच. पण याच गावात कुणाच्या घरी गाण्याची बैठक ठरली, की दोन-चार माणसं भलत्याच जवारीबद्दल बोलायला लागतात. ‘खर्जाची जवारी बसलीय हो.’ ‘यंदा मिरजेहून काढून आणली का?’ जवारी ‘काढणे’ हा शब्दप्रयोग तर दोन्हीकडे चालतो. रानात ती हातानं उपटून काढतात, तंबोऱ्यावर कानशीनं घासून.

दोघींचा हंगामही एकच. दिवाळी उलटते, रब्बीची जवारी गुडघ्याला लागते, रात्री गार व्हायला लागतात आणि बैठकींचे निरोप येऊ लागतात. तुमच्याही फोनवर एखादी पत्रिका आली असेल. गायन अमुक, तबला तमुक, संवादिनी अमुक. अगदी खाली, बारीक अक्षरात, जागा उरली तर तानपुऱ्यावर बसणाऱ्या दोन मुलींची नावं. बऱ्याचदा तीही नसतात. तबल्याच्या शाईचं, भिंतीचं आणि जाजमाचं नाव तर पत्रिकेत कधीच येत नाही. मला आज या बिननावाच्या कलाकारांबद्दल सांगायचं आहे, कारण माझ्या मते बैठकीतला निम्मा चमत्कार त्यांच्याकडे आहे आणि तो गाणं सुरू होण्याआधीच घडून जातो. लोक मात्र तेव्हा चहा घेत बाहेर उभे असतात.

मी पहिल्यांदा तंबोऱ्यामागे बसलो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. काम सोपं होतं. मधल्या बोटानं पहिली तार, मग तर्जनीनं एकेक करून उरलेल्या तीन, आणि पुन्हा पहिली. ‘घाई करू नको, झोपू नको,’ एवढ्याच सूचना. पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर शिकवणाऱ्या सरांनी डोळे मिटूनच विचारलं, ‘आला का रे गंधार?’ मी चारही तारांकडे पाहिलं. पहिली पंचमाची. मधल्या दोन जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या. शेवटची जाड पितळी तार खर्जाची, तीही षड्जच, फक्त एक सप्तक खाली. प, सा, सा, सा. यात गंधार कुठून यायचा? मला वाटलं, सर दुसऱ्याच कुणाशी बोलतायत.

त्यांनी तंबोरा हातात घेतला, बाकीच्या तारा बोटानं दाबून धरल्या आणि एकटा खर्ज छेडला. ‘आता तार विसर. ती विझताना वर काय उरतंय ते ऐक.’ तिसऱ्या-चौथ्या वेळेस ऐकू आलं. खाली खर्जाचा घुमारा आणि त्याच्या वर, जणू शेजारच्या खोलीत कुणी हळूच धरून ठेवलाय असा, स्पष्ट गंधार. कुणीही न छेडलेला. गाणारे त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. एकदा कानाला सापडला की तो पुन्हा हरवत नाही. उलट याआधी आपण बहिरे होतो का, असं वाटायला लागतं.

हा हिशेब एवढा साधा आहे की पाचवीतल्या पोराला करता येईल. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला साधारण १०४ वेळा थरथरतो. सोयीसाठी आपण १०० धरू. तार छेडली की ती पूर्ण लांबीनं तर थरथरतेच, पण त्याच क्षणी दोन अर्ध्यांत, तीन तिहाईंत, चार पावांत अशीही थरथरत असते. म्हणून एकाच तारेतून १००, २००, ३००, ४००, ५०० अशी कंपनं एकदम निघतात. यांना उपस्वर म्हणू. १००, २००, ४०० हे सगळे षड्जच, सप्तकं तेवढी वेगळी. ३०० म्हणजे पंचम. आणि ५००? षड्ज ४०० असेल तर त्याची सव्वापट म्हणजे शुद्ध गंधार. तो तारेत आधीपासूनच होता.

आणखी थोडं पुढे गेलं की मजा वाढते. खर्जाचा नववा उपस्वर ९००. तो ८०० च्या षड्जावरचा रिषभ. पंचमाची तार १५० ची, तिचा पाचवा उपस्वर ७५०, म्हणजे शुद्ध निषाद. दोनच स्वरांना लावलेल्या चार तारांतून सा, रे, ग, प, नी असे पाच स्वर हवेत तरंगतात. शुद्ध मध्यम काही या घरात सहज येत नाही, म्हणून मालकंसासारखा पंचम वर्ज्य असलेला राग गायचा असेल तर पहिली तार मध्यमाला उतरवतात. मारव्याला ती निषादाला लावतात. तंबोरा नुसता ‘सूर धरून ठेवतो’ असं म्हणणाऱ्यांना मी या कारणासाठी हात जोडतो. रागाला आज कोणत्या जमिनीत उभं राहायचं आहे, ते तंबोरा ठरवत असतो.

आता कुणी म्हणेल, उपस्वर तर गिटारच्या तारेतही असतात, व्हायोलिनच्याही. मग तिथे गंधार असा समोर येऊन का उभा राहत नाही? इथे आपली दुसरी जवारी येते.

तंबोऱ्याच्या भोपळ्यावर, तबलीच्या म्हणजे वरच्या लाकडी फळीच्या मध्यभागी, एक रुंद घोडी असते. पूर्वी हस्तिदंताची करत, आता हाडाची वगैरे. गिटारच्या तारा धारदार कडेवर टेकतात, इथे तसं नाही. घोडीचा माथा रुंद आणि किंचित, अगदी डोळ्याला न जाणवेल इतका, उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर निजल्यासारखी पडते. तिच्याखाली सरकवतात एक दोरा, साधा सुती किंवा रेशमी. तो केसभर पुढे-मागे करत राहायचं. एका जागी तार मुकी, ठप्प. थोडं सरकवलं की चिरकते. आणि मधे कुठेतरी एक जागा अशी येते की तार अचानक उघडते, झणझणायला लागते, आवाज फुलतो आणि लांबतो. त्या उताराला आणि त्या फुलण्याला, दोघांनाही जवारी म्हणतात. दोरा सरकवणारा माणूस त्या वेळी श्वाससुद्धा जपून घेतो. बघण्यासारखं दृश्य असतं ते.

यात नेमकं काय घडतं, याचा विचार करणाऱ्यांत चंद्रशेखर व्यंकट रामन होते. प्रकाशावरच्या शोधासाठी १९३० साली नोबेल मिळालेले तेच रामन. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांचं चित्त वाद्यांत गुंतलेलं होतं. १९२१ साली कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या नियतकालिकात त्यांनी वीणा आणि तंबोरा यांवर एक छोटासा लेख लिहिला, पाच पानांचा. त्याच वर्षी युरोपच्या प्रवासात भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून तो निळा का, हा दुसरा, जगप्रसिद्ध प्रश्न त्यांना पडला. पाच पानांच्या त्या लेखाची आठवण फारशी कुणी काढत नाही.

तारवाद्यांचा एक जुना नियम आहे. एखादा उपस्वर थरथरताना तारेचा जो बिंदू स्थिर राहतो, नेमकी तिथेच तार छेडली तर तो उपस्वर निघायला नको. थॉमस यंगनं हे सांगितलं, हेल्महोल्ट्झनं पक्कं केलं. रामन यांनी तंबोरा आणि वीणा ऐकून पाहिली, तर नियम मोडलेला. जो उपस्वर मुळीच निघायला नको होता, तो ठणठणीत वाजतोय. त्यांनी बोट ठेवलं ते घोडीवर. तार प्रत्येक हेलकाव्याला त्या उतारावर थोडी बसते आणि थोडी सुटते. विहिरीच्या चाकावर दोर बसतो-सुटतो तसं, फक्त सेकंदाला शेकडो वेळा. तिची वाजणारी लांबी क्षणोक्षणी बदलते आणि या बसण्या-सुटण्यातून खालच्या कंपनांतला जोर वरच्या उपस्वरांकडे पोचत राहतो. म्हणून तंबोऱ्याची तार विझताना नुसती बारीक होत जात नाही, तिचा रंग पालटत जातो. हे ज्या कारागिरानं पहिल्यांदा घडवलं, त्याच्याकडे ना यंगचा नियम होता ना हेल्महोल्ट्झचा. कान होता आणि कानस होती.

हे काम आजही मिरजेत चालतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या शिकलगारांकडे, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांकडे, धंदा उरला नाही. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी करायला घेतल्या आणि घराण्याचं आडनावच सितारमेकर झालं. तलवारीची धार ओळखणारा हात घोडीचा उतार ओळखायला लागला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले, १९३७ साली गेल्यावर त्यांना मिरासाहेबांच्या दर्ग्यात मूठमाती दिली गेली. आणि तंबोऱ्याचा तो भलामोठा भोपळा? खायला कडू, कवच कठीण. तो येतो पंढरपूरकडच्या शेतांतून. खाँसाहेबांच्या षड्जाच्या पोटात भीमाकाठचं पीक होतं म्हणायचं.

पंढरपूरचं नाव निघालं की आमच्या जिल्ह्याला गंगाखेड आठवतंच. गोदेच्या काठावरचं, जनाबाईचं गाव. तिथून ती पंढरपुराला नामदेवाच्या घरी गेली, दळणकांडण करत राहिली आणि विठ्ठल येऊन तिच्यासोबत जातं ओढायचा, ही कथा पोरासोरांना पाठ असते. मला त्या कथेत आणखी एक गोष्ट ऐकू येते. जात्याची घरघर अखंड असते, तिला सुरुवात-शेवट नसतो, तिच्यावर ओवी टाकायची, दम संपला की थांबायचं, घरघर चालूच. तंबोराही नेमकं हेच करतो. घरघरीतून गंधार निघत नाही, मान्य. पण पहाटे चार वाजता, एका खोलीत, दोन बायका, खाली न थांबणारा एक आवाज आणि वर गाणं. ही बैठक नाही तर काय आहे? जात्याला खुंटा असतो, तंबोऱ्याला खुंटी.

ही ओढूनताणून केलेली तुलना वाटत असेल तर एक खरी गोष्ट सांगतो. बर्नार्ड बेल नावाचे एक फ्रेंच संगणकतज्ज्ञ आहेत. १९८० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सहकाऱ्यांबरोबर एक यंत्र चालवलं. गवयाचा स्वर क्षणाक्षणाला नेमका कुठे आहे ते मोजणारं. एकेक श्रुती, म्हणजे स्वराची बारीक जागा, एकेक मींड पडद्यावर रेषेसारखी उमटे. पुढे हाच माणूस हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात आला. एक लाखाहून जास्त ओव्या, महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतल्या बायकांच्या. त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रण झालं, त्यात आपल्या परभणी जिल्ह्यातलं ताडकळसही होतं. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात ते आवाज आज कुणालाही ऐकता येतात. गवयाची श्रुती मोजणाऱ्या कानाला ताडकळसच्या जात्याजवळ बसावंसं वाटलं, एवढं मला पुरतं.

आता तबल्याकडे. तबला लावताना हातोडीची ठकठक ऐकून मागच्या रांगेतला कुणीतरी ‘झालं का सुरू?’ म्हणतोच. त्याला सांगावंसं वाटतं की बाबा, जगातल्या बहुतेक ढोलांना असं एका सुरात लागता येत नाही, म्हणून जरा ऐक.

साधं ताणलेलं कातडं घ्या, डफ घ्या. त्याचा मूळ आवाज १ धरला, तर वरचे आवाज येतात १.५९, २.१४, २.३० असे. कशाचा कशाशी मेळ नाही. म्हणून डफाचा आवाज ‘ढब्’ असतो, त्याला सा किंवा प म्हणता येत नाही. तारेचे उपस्वर १, २, ३, ४ असे शिस्तीत येतात, कातड्याचे येत नाहीत. हा निसर्गाचा नियम आहे, आणि आपल्याकडच्या कुणा अनाम माणसानं त्यावर काळा ठिपका ठेवून उपाय काढला.

ती शाई. लोखंडाचा कीस आणि खळ यांचा लगदा, एकावर एक बारीक थर, प्रत्येक थर वाळत असताना गुळगुळीत दगडानं घासायचा. घासता घासता तिला बारीक भेगा पडतात. जवळून पाहा, उन्हाळ्यातल्या आपल्या काळ्या रानासारखी दिसते. त्या भेगा दोष नव्हेत. शाई एकसंध, कडक राहिली असती तर कातडं मुकं झालं असतं. भेगांमुळे ती जड राहूनही लवते. मध्यभागी हे वजन आलं की कातड्याचे बेशिस्त आवाज एकेक करून रांगेत येऊन उभे राहतात. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० मध्ये ‘नेचर’ला हे कळवलं, आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर मांडलं. कातड्यावर बारीक वाळू भुरभुरून, ती कोणत्या रेषांवर गोळा होते ते पाहून. पहिली नऊ निरनिराळी कंपनं मिळून पाचच सुरेल उपस्वर होतात, असं त्यांना दिसलं. नऊ भांडखोर भावंडं पाच आवाजांत बोलायला लागली, तेही षड्जात.

म्हणून तबलावादक गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या गोफावर, वरून-खालून हातोडी मारतो, गट्टे सरकवतो, चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, ‘ना’ वाजवून कान तंबोऱ्याकडे नेतो. चारी बाजूंनी ‘ना’ सारखा आला पाहिजे. ‘ना’ वाजवताना त्याची अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली असते. ते बोट नको असलेली कंपनं दाबून धरतं. पुढच्या बैठकीला त्या एका बोटाकडे पाहा. ते वाजवत नाही, फक्त टेकतं. पण उचललं की आवाज बिघडला.

पखवाजवाले याहून जुनी युक्ती वापरतात. डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापतात आणि कार्यक्रम झाला की खरवडून टाकतात. वारकऱ्यांच्या कीर्तनात हे गावोगाव दिसतं. आपल्या शेजारी, अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू या कीर्तनी पखवाजाला घेऊन थेट शास्त्रीय मंचावर गेले. १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पोळीची कणीक आणि चौतालाचा घुमारा यांच्यामध्ये किती कमी अंतर आहे, ते मराठवाड्याला तेव्हा कळलं असेल.

पेटीबद्दल मी थोडा अन्याय करणार आहे, पेटीवाल्या मित्रांनी माफ करावं. पेटीच्या पट्ट्या कारखान्यातून ठरलेल्या येतात. सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे. या वाटणीत गंधार जरा चढा बसतो. षड्ज ४०० चा असेल तर तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार ५००, पेटीतला सुमारे ५०४. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला चार हेलकावे खातो. गवई ख्याल मांडताना गंधारावर थांबतो, तेव्हा चांगला पेटीवाला अनेकदा हात हलका करतो किंवा ती पट्टी सोडूनच देतो, ते याचसाठी. हे भांडण जुनं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर पुस्तक लिहिलं. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाला बरोबर घेऊन आणि अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा पुरावा घेऊन त्यांनी श्रुतींची पेटी करवली. अलीकडे ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनीही २२ श्रुतींची पेटी केली. मधल्या काळात रेडिओनं कहर केला. १ मार्च १९४० पासून पेटीला आकाशवाणीवर बंदीच घातली, ती १९७१ मध्ये कुठे सैल झाली. बंदी लागली तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे दिल्लीच्या त्या हुकुमाचं आपल्याला सोयरसुतक नव्हतं. पुढे परभणीलाच आकाशवाणी केंद्र आलं. चार कंपनांसाठी एका वाद्याला तीन दशकं गावकुसाबाहेर ठेवणं मला मात्र पटत नाही. पेटीनं नाट्यसंगीत घराघरांत पोचवलं. गंधाराला हात हलका केला की झालं.

आता खोली. इंग्रजीत या प्रकाराला चेंबर म्युझिक म्हणतात, म्हणजे खोलीतलं संगीत. युरोपात हायडनसारख्या संगीतकारांनी चार वादकांच्या चौकडीसाठी दिवाणखान्यात वाजेल असं संगीत लिहिलं. आपण खोलीऐवजी बसण्याला नाव दिलं, बैठक. नाव कुठूनही घ्या, खोली त्यात वाजतेच.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक तक्रार आली. नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, पुढचं वाक्य मागच्यावर आदळायचं. सॅबाइननं रात्री शहर झोपल्यावर शेजारच्या नाट्यगृहातून खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, एकेक गादी टाकत, ऑर्गनची नळी वाजवत, घड्याळ धरून घुमण्याचा काळ मोजला. जितक्या गाद्या, तितकं घुमणं कमी. आवाज शोषण्याचं मापही त्यानं गमतीदार घेतलं, उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही ना!

आता आपल्या जुन्या वाड्यातली बैठक आठवा. वर माळवद, जाड मातीच्या भिंती, खाली जाजम, त्यावर गाद्या, भिंतीला तक्के, चार खिडक्या उघड्या आणि चाळीस माणसं शाली पांघरून बसलेली. सॅबाइननं महिनोन्‌महिने रात्री जागून जे शोधलं, ते आपल्याकडे बैठकीआधी गड्यानं झटकून अंथरलेलं असतं. अशा खोलीत आवाज लगेच मिटतो, त्यामुळे तंबोऱ्याचा तो नाजूक गंधार स्वच्छ उरतो. हल्लीच्या फरशी-स्लॅबच्या हॉलमध्ये तो घुमाऱ्यात बुडतो. मग लोक ध्वनिक्षेपक लावतात, तंबोऱ्याचा माइक कमी ठेवतात आणि गाणाऱ्याच्या आवाजावर प्रतिध्वनीची साखर पेरतात. एका ठिकाणी मी तंबोरा समोर पाहत होतो आणि दोन तासांत एकदाही ऐकला नाही. मंचावर तो फुलदाणीसारखा उभा होता.

खोली आणि गाणं यांची एक गोष्ट आपल्याच जुन्या जिल्ह्यातली. औंढा नागनाथ १ मे १९९९ पर्यंत परभणीत होतं, मग हिंगोली जिल्हा झाला. तिथे नामदेवांचं कीर्तन चाललं होतं, पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागे जायला सांगितलं, तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, असं सांगतात. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट बसणार नाही. पण आवाज नीट पोचावा म्हणून मंच कुठे आणि श्रोते कुठे, यावर आज लाखो रुपये खर्च करतात, तेव्हा मला ती आठवते.

एक बारीक गंमत राहिली. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावर चालणारा ट्रान्सफॉर्मर किंवा जुन्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो तो त्याच्या दुप्पट, १०० वर. काळी चारच्या तंबोऱ्याचा खर्ज १०४. म्हणजे बाई गायला बसल्या आणि डोक्यावर जुना चोक असला, की खर्जाशेजारी एक बेसूर खर्ज सतत गुणगुणत असतो. इलेक्ट्रॉनिक तंबोरा मात्र हवेची पर्वा न करता आपलं ठरलेलं वाजवत राहतो. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणला. रियाजाला तो उत्तमच, मी स्वतः वापरतो, आता तर फोनवरही असतो. पण थंडीत परभणीचा पारा एक आकडी झाला, की खऱ्या तंबोऱ्याच्या तारा आकसून चढतात, तबल्याचं कातडं हवेच्या ओलीनं उतरतं, आणि ख्यालाच्या मध्येच गाणारी बाई हात मागे नेऊन जोडीच्या तारेवरचा, सूर बारीक जुळवायचा मणी नखभर सरकवते. त्या नखभर हालचालीसाठी मी कितीही लांब जायला तयार आहे.

तर पत्रिकेवर वेळ आठची असेल, तर साडेसातला जा. लोक उशिरा येतात, जागा मिळेल. तंबोऱ्यापासून दोन-तीन हातांवर बसा, पंखा आणि ट्यूबलाइट बंद करायला सांगा. थंडी असते, कुणाची हरकत नसेल. तंबोरे जुळत असताना बोलू नका, शेजाऱ्यालाही बोलू देऊ नका. गंधार पहिल्या पाच मिनिटांत नाही सापडला, तर मागे तंबोरा धरून बसलेल्या मुलीला हळूच विचारा. ती ‘हा काय’ म्हणून एकटा खर्ज छेडून दाखवेल. आणि निघताना तिचं नावही विचारून घ्या.